फ्रान्समधील वहिवाट

फ्रान्सला जाणारा मराठी पर्यटक बहुधा पॅरिस पाहतो, सवड असल्यास व्हर्सायचा राजवाडा आणि दक्षिणेचा समुद्रकिनारा करून परततो. खुद्द फ्रेंच माणसाच्या सुटीत मात्र पायी भटकंतीला मोठे स्थान असते. रंगीत खुणा रंगवून दाखवलेल्या पायवाटांचे जाळे त्या देशात दोन लाख किलोमीटरच्या घरात आहे. या वाटा कुरणांच्या कडेने, रानांतून आणि नदीकाठाने जातात. पाठीवर पिशवी टाकलेला अनोळखी माणूस गोठ्याजवळून गेला, तरी त्याला कोणी हटकत नाही.

पण ही वाट असते कोणाची? चालणारा कोणत्या अधिकाराने चालतो? वाट नांगरून टाकली गेली, तर दाद कोणाकडे मागायची? शेतजमिनीशी थोडाफार संबंध आलेल्या मराठी माणसाला 'वहिवाट' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सतत आणि उघडपणे झालेल्या वापरातून निर्माण होणारा हक्क म्हणजे वहिवाट. फ्रान्समधील ग्रामीण वाटांचा कायदा वेगळ्या परंपरेतून आला असला, तरी तोही शेवटी याच मुद्द्याशी येऊन थांबतो. मध्य फ्रान्समधील क्रूझ या आडबाजूच्या जिल्ह्याच्या उदाहरणावरून तो समजून घेणे सोपे जाते.

दोन कुंपणांमधील वाट

क्रूझ हा पॅरिसच्या दक्षिणेस, रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरचा जिल्हा. फ्रान्समध्ये जिल्ह्याला 'देपार्तमाँ' म्हणतात. राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये हा जिल्हा अस्तित्वात आला. पुढे तो लिमूझँ प्रांतात मोडत असे. २०१६ च्या पुनर्रचनेनंतर तो नव्या, विस्तीर्ण नूव्हेल-आकितेन प्रांताचा भाग झाला. गेरे हे त्याचे मुख्य ठिकाण. जिल्ह्याला नाव मिळाले ते क्रूझ नदीवरून. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ खोलगट, पोकळ असा होतो, आणि ग्रॅनाइटच्या पठारात खोल दरी कोरत जाणाऱ्या या नदीला तो शोभतोही. मिलव्हाशच्या पठारावर उगम पावून ही नदी उत्तरेकडे वाहते, व्हिएन नदीला मिळते आणि अखेरीस तिचे पाणी ल्वारमध्ये जाते.

येथे मोठी शहरे नाहीत आणि सपाट, अफाट शेतेही नाहीत. लहानलहान कुरणे, त्यांना वेढणारी ओक, हेझल आणि काटेरी झुडपांची जिवंत कुंपणे, त्यांत चरणारी तांबूस रंगाची लिमूझँ जातीची गुरे आणि अधूनमधून चेस्टनटची जुनी झाडे, असा हा मुलूख आहे. दोन कुंपणांच्या मधून, शतकानुशतकांच्या वापराने आणि पावसाच्या पाण्याने आजूबाजूच्या शेतांपेक्षा खाली गेलेल्या वाटा हे त्याचे वैशिष्ट्य. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला पाणंद म्हणतात, तिची आठवण व्हावी अशीच ही रचना. उन्हाळ्यात वर फांद्यांचे छत आणि खाली सावली. पावसाळी दिवसांत मात्र घोट्यापर्यंत चिखल.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या अनेक भागांत जमिनींचे मोठ्या प्रमाणावर एकत्रीकरण झाले. ट्रॅक्टरला सलग शेत मिळावे म्हणून कुंपणे उपटली गेली आणि त्यांच्याबरोबर वाटाही गेल्या. चढउताराच्या आणि खडकाळ क्रूझमध्ये ही लाट तुलनेने सौम्य राहिली. येथील वाटांना धोका निर्माण झाला तो दुसऱ्याच कारणाने. चालणारी माणसेच उरली नाहीत.

गवंड्यांची पायपीट

१८५१ मध्ये या जिल्ह्याची लोकसंख्या पावणेतीन लाखांहून अधिक होती. आज ती सव्वा लाखाच्याही खाली आहे. या ओहोटीमागे गवंडीकामाचा मोठा इतिहास आहे. जमीन निकस आणि कुटुंबे मोठी असल्याने क्रूझमधील पुरुष दरवर्षी वसंत ऋतूच्या सुरुवातीला घर सोडत, पॅरिस, लिऑनसारख्या शहरांत दगडमातीची कामे करत आणि हिवाळ्याच्या तोंडावर गावी परतत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ज्या भव्य इमारती उभ्या राहिल्या, त्यांत या गवंड्यांचा घाम मिसळलेला आहे.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव मार्तें नादो यांचे. १८१५ मध्ये एका खेड्यात जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी, १८३० मध्ये, वडिलांबरोबर घरून चालत निघाला आणि पॅरिसला जाऊन गवंड्यांच्या हाताखाली राबू लागला. पुढे तो १८४९ मध्ये संसदेत निवडून आला. १८५१ च्या सत्तापालटानंतर त्याला देश सोडावा लागला आणि अनेक वर्षे इंग्लंडमध्ये काढावी लागली. १८७० मध्ये तो आपल्याच जिल्ह्याचा प्रशासक म्हणून परतला. त्याच्या आठवणींचे पुस्तक आजही कामगार इतिहासाच्या अभ्यासकांना आधारभूत वाटते. ला मार्तिनेश येथील त्याच्या घरी आता स्मृतिसंग्रहालय आहे.

रेल्वे आल्यावर ही पायपीट संपली. हळूहळू गवंडी हंगामापुरते न जाता बायकामुलांसह शहरांत स्थायिक होऊ लागले. पहिल्या महायुद्धाने तरुणांची एक पिढी हिरावून नेली. गिरणीकडे, जत्रेकडे, शेजारच्या वस्तीकडे जाणाऱ्या वाटांवर गवत आणि काटे वाढले. वाटेचे काम संपले, की ती कायद्यानेही नाहीशी होऊ शकते, हा मुद्दा येथून महत्त्वाचा ठरतो.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा जन्म

या वाटांना दुसरे आयुष्य दिले ते हौसेने चालणाऱ्यांनी. १९४७ मध्ये ज्याँ ल्वाझो या पदभ्रमणप्रेमीच्या पुढाकाराने फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या वाटांची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. त्याच वर्षी ऑर्लेआँच्या परिसरात ल्वार नदीच्या काठाने पहिल्या वाटेवर खुणा रंगवण्यात आल्या. ही समिती १९७८ मध्ये पदभ्रमण महासंघात रूपांतरित झाली.

खुणांची भाषा पाच मिनिटांत शिकता येते. वर पांढरा आणि खाली लाल असे दोन आडवे पट्टे म्हणजे अनेक दिवसांची, लांब पल्ल्याची वाट. पिवळा आणि लाल म्हणजे एखाद्या मुलखाला वळसा घालणारी वाट. एकच पिवळा पट्टा म्हणजे काही तासांत किंवा फार तर दिवसभरात पूर्ण होणारी फेरी. पट्टे समांतर असतील तर वाट बरोबर आहे. पट्ट्यांखाली बाण असेल तर वळायचे आहे. फुली दिसली, तर आपण चुकीच्या वाटेला लागलो आहोत. झाडे, दगड, विजेचे खांब, कुंपणाचे डांब अशा मिळेल त्या जागी या खुणा असतात. त्या रंगवणारे बहुतेक हात स्वयंसेवकांचे आहेत. देशभर असे हजारो स्वयंसेवक ठरलेल्या टप्प्यांवर फिरतात, खुणा ताज्या करतात, वाढलेले काटे छाटतात आणि पडलेल्या झाडांची खबर देतात.

क्रूझमधून जाणाऱ्या वाटांत एक बरीच जुनी आहे. बर्गंडीतील व्हेझले येथून स्पेनमधील सांतियागोकडे जाणारा यात्रामार्ग या जिल्ह्याच्या पश्चिम भागातून, ला सुतरेन आणि बेनेव्हाँ-लाबेई या गावांवरून जातो. फ्रान्समधील सांतियागो मार्गांचा १९९८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. मध्ययुगात यात्रेकरूंनी घडवलेल्या या मार्गावर आज लाल-पांढऱ्या खुणा सोबत करतात.

चालणे हाच पुरावा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फ्रान्समध्ये ग्रामपातळीच्या रस्त्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार गावपालिकेच्या अधिकृत रस्त्यांचा. ते सार्वजनिक मालमत्तेत मोडतात, विकता येत नाहीत, कितीही वर्षे अतिक्रमण झाले तरी त्यांची मालकी जात नाही आणि त्यांची देखभाल करणे गावपालिकेवर बंधनकारक असते. दुसरा प्रकार ग्रामीण वाटांचा. फिरायला जाणारा माणूस बहुतांश वेळ या दुसऱ्या प्रकारावर चालत असतो.

ग्रामीण वाट गावपालिकेच्या मालकीची असते आणि ती लोकांच्या वापरासाठी असते. मात्र कायद्याच्या दृष्टीने ती गावपालिकेची खासगी मालमत्ता ठरते. या एका तांत्रिक भेदाचे परिणाम दूरगामी आहेत. एक, गावपालिका तिची देखभाल करण्यास बांधील नसते. दोन, लोकांनी वापर सोडला असेल, तर सार्वजनिक चौकशीनंतर ती विकता येते. तीन, शेजारच्या जमीनमालकाने ती आपल्या शेतात सामील करून तीस वर्षे उघडपणे आणि विनाहरकत ताब्यात ठेवली, तर तो मालकी सांगू शकतो. आपल्याकडे वहिवाटीच्या दाव्यात जे घडते, तेच येथे जमीनमालकाच्या बाजूने घडते.

मात्र हेच शस्त्र दुसऱ्या बाजूनेही चालते. एखादी वाट लोकांच्या वापरात आहे की नाही, हे ठरवताना कायदा दोन गोष्टी पाहतो. लोकांचे सर्रास आणि वारंवार येणेजाणे आहे का आणि गावपालिकेने तिची निगा किंवा देखरेख वेळोवेळी केली आहे का. यांपैकी एक जरी दिसून आली, तरी वाट सार्वजनिक वापराची आहे असे गृहीत धरले जाते; आणि अशी वाट, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, गावपालिकेचीच मानली जाते. म्हणजे रविवारी सकाळी पाच-पंचवीस माणसे एखाद्या वाटेने फिरून येतात, तेव्हा व्यायामाबरोबर एक पुरावाही तयार होत असतो.

२२ जुलै १९८३ च्या कायद्याने या संरक्षणाला आणखी बळकटी दिली. प्रत्येक जिल्ह्याने फिरण्याच्या वाटांची नोंदवही ठेवावी, अशी तरतूद त्यात आली. गावपालिकेने ठराव करून एखादी ग्रामीण वाट या नोंदवहीत घातली, की पुढे ती विकताना तिच्या तोडीची पर्यायी वाट द्यावी लागते. तसे न केल्यास विक्रीच अवैध ठरते. क्रूझमध्ये सुमारे अडीचशे गावपालिका आहेत आणि त्यांतील अनेकांची लोकसंख्या दोन-तीनशेच्या आतबाहेर. अशा गावात वाट राहणार की जाणार, हे मेयर आणि मूठभर सदस्यांच्या एका ठरावावर अवलंबून असते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये झालेल्या एका कायद्याने गावपालिकांना आपल्या हद्दीतील ग्रामीण वाटांची गणना करण्याची मुभा दिली. गणनेचा ठराव झाल्यावर ठरावीक काळापुरती, जास्तीत जास्त दोन वर्षे, तीस वर्षांच्या ताब्याची मुदत मोजणे थांबते. वाट आणि शेजारची जमीन यांची अदलाबदलही काही अटींवर शक्य झाली. गणना करणे ऐच्छिक असल्याने जागरूक गावांनाच तिचा खरा फायदा होतो.

नदीकाठ कोणाचा?

नदीकाठाने फिरण्याचे आकर्षण मोठे असले, तरी तेथील स्थिती शेतवाटांहून नाजूक आहे. फ्रेंच कायद्यानुसार सरकारी मालकीत नसलेल्या नद्यांचा काठ आणि पात्राचा मध्यापर्यंतचा भाग लगतच्या जमीनमालकाचा असतो. पाणी सर्वांचे, पण तळ आणि तीर खासगी. मोठ्या, सरकारी नद्यांच्या काठी पायी जाणाऱ्यांसाठी सव्वातीन मीटरची पट्टी मोकळी ठेवावी लागते. क्रूझसारख्या डोंगराळ जिल्ह्यातील लहान नद्यांना आणि ओढ्यांना तो नियम सहसा लागू होत नाही. त्यामुळे येथील नदीकाठच्या वाटा जेथे जुनी ग्रामीण वाट काठाने जाते तेथे आहेत, किंवा जमीनमालकाशी करार करून मिळवलेल्या आहेत. करार मोडला, की वाट वळवावी लागते. नदीकाठची वाट मध्येच काठ सोडून चढणीला लागते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

तरीही या नदीच्या काठाने जे पाहायला मिळते ते थोडके नाही. फ्रेसलीन या गावाखाली मोठी क्रूझ आणि धाकटी क्रूझ यांचा संगम आहे. १८८९ च्या वसंतात क्लोद मोने येथे येऊन राहिला. कवी मोरिस रोलिना या गावात राहत असे आणि त्याच्या ओढीने कलावंतांची ये-जा असे. मोनेने सुमारे तीन महिन्यांत दोन डझनांच्या आसपास चित्रे रंगवली. हवामान सतत बदलत राहिल्याने काम लांबले आणि हिवाळ्यातल्या निष्पर्ण अवस्थेत रंगवायला घेतलेल्या ओकच्या झाडाला मे महिन्यात पालवी फुटली. तेव्हा त्याने जमीनमालकाची परवानगी काढली आणि माणसे लावून शिड्यांवरून झाडाची सगळी पाने खुडवून घेतली. चित्रकलेच्या इतिहासात हा किस्सा प्रसिद्ध आहे. त्या संगमाकडे आजही गावातून पायवाटेने उतरता येते.

तेथून खालच्या अंगाला क्रोझां येथे क्रूझ आणि सेदेल या नद्यांच्या संगमावर मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. १८९१ मध्ये लॉटरीत एक लाख फ्रँक मिळाल्यावर नोकरी सोडून देणाऱ्या आर्माँ गियोमँ या चित्रकाराने पुढील अनेक वर्षे याच परिसरात चित्रे काढली. मात्र त्याने पाहिलेली नदी आता येथे नाही. १९२६ मध्ये खाली एग्यूझों येथे वीजनिर्मितीसाठी धरण पूर्ण झाले आणि पाण्याचा फुगवटा क्रोझांपर्यंत आला. कातळांतून उसळणाऱ्या प्रवाहाच्या जागी संथ जलाशय पसरला आणि काठच्या वाटा पाण्याखाली गेल्या. आजच्या वाटा त्यामुळे उतारावर, वरच्या अंगाने जातात. धरणाच्या खाली, शेजारच्या अँद्र जिल्ह्यात, गार्जिलेस हे गाव आहे. लेखिका जॉर्ज सँड १८५७ पासून तेथील एका छोट्या घरात येऊन राहत असे आणि परिसरात मनसोक्त भटकत असे. तिने या भटकंतीवर लिहिलेही आहे.

रानातील बदलती हद्द

गेरे गावाला लागून शाब्रिएरचे रान आहे. ग्रॅनाइटच्या शिळा, ओक, बीच आणि सूचिपर्णी झाडे यांतून अनेक फेऱ्या आखलेल्या आहेत. २००१ पासून तेथे लांडग्यांचे उद्यानही आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेस मिलव्हाशच्या पठाराकडे सरकावे, तसे रान दाट होत जाते. पण हे रान पुरातन नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे पठार जवळपास उघडे होते; हेदरची झुडपे आणि मेंढ्यांचे कळप एवढेच तेथे दिसत. मारियुस व्हाझेय या वनाधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वृक्षलागवडीचा पुरस्कार केला. गावे ओस पडत गेली आणि १९४६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वननिधीच्या मदतीने सोडलेल्या जमिनींवर स्प्रूस आणि डग्लस फर लावले गेले. आज पठाराचा निम्म्याहून अधिक भाग वनाखाली आहे. २००४ मध्ये येथे प्रादेशिक निसर्गउद्यान घोषित झाले.

एकाच वेळी लावलेले रान एकाच वेळी तोडले जाते. सरसकट वृक्षतोडीवरून स्थानिकांत आणि लाकूड उद्योगात वाद आहे. चालणाऱ्यांपुढील अडचण अधिक साधी आहे. झाड पडले, की त्यावरची खूण गेली. आणि लाकूड वाहणाऱ्या अवजड यंत्रांनी वाट उखणली, की पुढचे काही महिने ती चालण्याजोगी राहत नाही. डिसेंबर १९९९ च्या वादळांनी फ्रान्सभर जंगले भुईसपाट केली, तेव्हा लिमूझँमधील वाटाही पडलेल्या झाडांनी अडल्या होत्या.

मालकीचा प्रश्न येथेही आहेच. फ्रान्समधील सुमारे तीन चतुर्थांश वने खासगी आहेत. कुंपण नसलेल्या खासगी रानातून कोणी गेले, तर पूर्वी सहसा कानाडोळा केला जाई. २ फेब्रुवारी २०२३ च्या कायद्याने स्थिती बदलली. त्या कायद्याचा एक हेतू वन्यप्राण्यांची अडवणूक करणारी उंच कुंपणे रोखण्याचा होता. नव्या कुंपणांना १ मीटर २० सेंटिमीटर उंचीची मर्यादा आली आणि खाली ३० सेंटिमीटर जागा सोडणे आवश्यक झाले. त्याच्या बदल्यात जमीनमालकांना दिलासा मिळाला. जागा खासगी असल्याचे स्पष्ट फलक असतील, तर विनापरवाना आत शिरणे आता दंडनीय आहे. कुंपणाऐवजी पाटी, असा हा सौदा. पदभ्रमण संघटनांनी त्यावर नाराजी व्यक्त केली. याचा व्यावहारिक अर्थ असा, की खूण असलेली, नोंदलेली वाट पूर्वीपेक्षा अधिक मोलाची झाली आहे.

जाण्यापूर्वी

पॅरिसच्या ऑस्तेरलिट्झ स्थानकावरून ला सुतरेनपर्यंत थेट गाडी आहे. प्रवासाला तीन तासांच्या आतबाहेर वेळ लागतो. पुढे बस मोजक्याच असल्याने मुक्काम आधी ठरवावा. मे-जून आणि सप्टेंबर हे महिने चालण्यास उत्तम. शरद ऋतूत रान सर्वांत देखणे दिसते, पण सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. त्या काळात भडक रंगाचे कपडे घालावेत आणि शिकार सुरू असल्याची पाटी दिसल्यास दुसरी वाट धरावी.

राष्ट्रीय भूगोल संस्थेचा एकास पंचवीस हजार प्रमाणाचा नकाशा जवळ ठेवावा. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. दऱ्यांत मोबाइलला नेहमीच संपर्क मिळत नाही. संकटकाळी ११२ हा क्रमांक लावावा. गवतातून चालल्यावर अंगावर गोचीड नाही ना, हे रोज तपासावे, कारण तिच्यापासून लाइम आजाराचा धोका असतो. कुरणाचे फाटक उघडले, तर पाठीमागे ते लावून घ्यावे. जेवणात या भागाची ओळख म्हणजे साय घातलेला बटाट्याचा पाय. काही ठिकाणी त्यात मांस घालतात, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावे. सोबत हेझलनटचा क्रूझ केक मिळतो.

क्रूझमध्ये गर्दी खेचणारे स्मारक किंवा नावाजलेले शिखर नाही. तेथे आहेत त्या गवंडी, यात्रेकरू आणि गुराख्यांनी पाडलेल्या वाटा. त्यांपैकी ज्या आज शिल्लक आहेत, त्या कोणीतरी चालत राहिल्यामुळे, कोणीतरी दरवर्षी काटे छाटल्यामुळे आणि एखाद्या लहानशा गावाने वेळीच ठराव केल्यामुळे. बाहेरून आलेला पाहुणा ठराव करू शकत नाही आणि काटेही बहुधा छाटणार नाही. पण तो त्या वाटेने चालू शकतो, आणि फ्रेंच कायद्याच्या लेखी तेवढ्यानेही वाटेची बाजू थोडी भक्कम होते.